आमचे पेपर आणि त्यांचे मालक

(पत्रकार दिनानिमित्त मंडळाच्या वाचनालयात झालेल्या भाषणाचा मजकूर, सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



सहा जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालायचा, दोन शब्द बोलायचे आणि चहा घेऊन घरी जायचे, हा आपला दरवर्षीचा परिपाठ. १८३२ साली याच तारखेला 'दर्पण' निघाले आणि ते काढणारा माणूस देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा, म्हणजे तसा आपल्या शेजारचाच, याचा अभिमान या व्यासपीठावरून पुष्कळ वेळा व्यक्त झालेला आहे. यंदा तो पुन्हा करत नाही. यंदा बोलायला कारण घडले ते वाळवीचे.

गेल्या पावसाळ्यात वाचनालयाच्या माळ्याला वाळवी लागली आणि आम्हाला वर्तमानपत्रांचे जुने गठ्ठे खाली काढावे लागले. 'गोमंतक', 'राष्ट्रमत', 'नवप्रभा', 'तरुण भारत'. सुतळीने बांधलेले, कडा तपकिरी झालेले, कुठे सलग दोन वर्षे शाबूत तर कुठे मधले पाच-सहा महिने गायब. कार्यकारिणीच्या बैठकीत एक बाजू म्हणाली, रद्दीवाल्याला देऊन टाका, जागा होईल, मुलांसाठी संगणक ठेवता येतील. दुसरी बाजू म्हणाली, हे मंडळाचे धन आहे. शब्दाला शब्द लागला. शेवटी एकाने विचारले, "ज्यांचे पेपर त्यांच्याकडे हे सगळे असणारच ना? मग आपण कशाला सांभाळायचे?"

या प्रश्नावर आम्ही अडलो. ज्यांचे पेपर, म्हणजे कोणाचे? पन्नास-साठ वर्षे ज्या घरांत हे अंक येत आले, त्या घरांतल्या माणसांना याचे उत्तर पटकन देता येईना. संपादकांची नावे सर्वांना पाठ. मालकाचे नाव विचारले की कोणी म्हणे अमुक शेट, कोणी म्हणे आता त्यांचा नाही, विकला. कधी विकला, कोणाला, यावर पुन्हा वाद. तेव्हा आम्ही ठरवले की गठ्ठे रद्दीत घालण्यापूर्वी निदान एवढे तरी नीट पाहू.

पाहण्याची युक्ती एका निवृत्त कंपॉझिटरने सांगितली. १९५६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक वर्तमानपत्राला दरवर्षी, फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात, एक निवेदन छापावे लागे. फॉर्म चार. प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि शेवटी मालक, तसेच एक टक्क्याहून अधिक भांडवल ज्यांचे आहे त्यांची नावे. आतल्या पानावर, बारीक टाइपात, निविदांच्या आणि हरवल्या-सापडल्याच्या शेजारी. आम्ही आयुष्यभर पेपर वाचला, पण तो चौकोन कधी वाचला नव्हता. ज्या १८६७ च्या कायद्याखाली तो छापला जाई, तो कायदाही आता गेला, मार्च २०२४ पासून नवा आला. पण जुन्या गठ्ठ्यांत तो आहे. आज जे बोलायचे आहे ते त्या चौकोनाविषयी.

मुक्तीपूर्वीचे अंक आमच्या माळ्यावर नाहीत, तेव्हा तो काळ थोडक्यात घेतो. गोव्यात छापखाना आला १५५६ साली, सगळ्या हिंदुस्थानात पहिला. पण पहिले नियतकालिक निघायला १८२१ साल उजाडले, आणि तेही सरकारी गॅझेट. पुढे १८५९ साली 'उल्त्रामार' आणि १८६१ साली 'इंदिया पोर्तुगेझा' निघाली. ही पत्रे पोर्तुगीज भाषेतली, ख्रिस्ती समाजातल्या दोन बड्या गटांची, घराण्यांची. म्हणजे वर्तमानपत्र ही घराण्याची मालमत्ता असते हा धडा आपल्या भूमीला फार लवकर मिळाला. १९०० साली डॉ. मेसियश गोमिश यांनी काढलेले 'ओ हेराल्दो' हे दैनिक. त्याची गंमत अशी की १९८३ साली त्याची भाषाच बदलली, पोर्तुगीजचे इंग्रजी झाले. नाव तेच, मालक निराळे, भाषा निराळी, वाचक निराळे. मग तो पेपर तोच की दुसरा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मराठीतले त्या काळचे पेपर बहुधा एकेकट्या माणसाच्या खिशावर चालत. १९१० च्या प्रजासत्ताकानंतर थोडा मोकळा श्वास मिळाला आणि १९१२ साली गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी केप्याहून 'भारत' काढले. मालक तेच, संपादक तेच, आणि खटले झाले तर कोर्टात उभे राहणारेही तेच. सालाझारशाहीत तर प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे आणि तो पाहिल्याची ओळ पेपरावर छापावी लागे. अशा धंद्यात पैसेवाला माणूस कशाला पडेल? त्यामुळे मालक कोण हा प्रश्नच तेव्हा नव्हता. ज्याची जोखीम, त्याचा पेपर.

१९ डिसेंबर १९६१ नंतर चित्र पालटले. अवघ्या तीन महिन्यांत, मार्च १९६२ मध्ये, 'गोमंतक' निघाला. काढला चौगुल्यांनी. १९६३ साली धेंप्यांनी इंग्रजी 'नवहिंद टाइम्स' काढला आणि १९७० साली मराठी 'नवप्रभा'. दोन्ही घराणी खाणींच्या धंद्यातली. आपल्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी खाणमालकाला 'पात्रांव' हा एकच शब्द होता. तर आपल्या दैनिकांचे पात्रांव ते हे. त्या वेळचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हेही खाणमालकच. लोहखनिज जपानला जात होते, पैसा येत होता, आणि नव्या राज्यव्यवस्थेत आवाज हवा असेल तर पेपर हवा, हे या मंडळींनी ओळखले. यात आम्हाला वावगे काही दिसत नाही. साडेचारशे वर्षे आपल्या लिपीतले दैनिक धड उभे राहिले नव्हते. ते उभे करायला यंत्रे लागतात, कागद लागतो, दोन-चार वर्षे तोटा सोसायची तयारी लागते. ती या घरांकडे होती, आपल्याकडे नव्हती. अंकाच्या छापील किमतीत अंकाचा खर्च निघत नसतो हे ज्याने कधी साधी स्मरणिका काढली आहे त्यालाही ठाऊक असते. उरलेला खर्च जाहिरातदार देतो, नाहीतर मालक.

आणि संपादक पाहा कसे मिळाले! बा. द. सातोस्करांसारखा ग्रंथांत बुडालेला माणूस 'गोमंतक'चा पहिला संपादक. त्यांच्यानंतर १९६७ साली माधव गडकरी आले, पुढे नारायण आठवले. 'नवप्रभा'ला द्वा. भ. कर्णिक लाभले. आपल्या घरांतली कितीतरी मुले यांचे अग्रलेख मोठ्याने वाचून मराठी शिकली. शाळेत मराठी होतीच, पण वाद घालायची मराठी, टोमणा मारायची मराठी, ही या पेपरांनी दिली. ते ऋण नाकारून पुढचे बोलता येणार नाही.

आता १६ जानेवारी १९६७ च्या कौलाकडे येतो, कारण त्या महिन्यांचे अंक आमच्या गठ्ठ्यांत सर्वांत जास्त हाताळलेले आहेत. 'गोमंतक' विलीनीकरणाच्या बाजूने. मडगावचा 'राष्ट्रमत' विरुद्ध बाजूने. चंद्रकांत केणी तिथे, आणि उदय भेंबऱ्यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर रोज सकाळी तिकडून सुटत असे. दोन्ही पेपर मराठी, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. महाराष्ट्रात जायचे की नाही, मराठी आपली की नाही, हे भांडण आपण मराठीतूनच भांडलो. विलीनीकरणाला मते पडली १,३८,१७०, संघप्रदेश राहण्याला १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. आमच्यातली बहुतेक घरे त्या दिवशी हरलेल्या बाजूची होती, काही जिंकलेल्या बाजूची. एकाच घरातले दोन भाऊ दोन पेपर घेत होते आणि एकमेकांचा पेपर चोरून वाचत होते, असेही आम्हाला ठाऊक आहे. आज त्या वादात शिरत नाही. सांगायचे एवढेच की त्या काळी पेपराची बाजू उघड होती. मालकाची, संपादकाची आणि वाचकाची बाजू बहुधा एकच असे, म्हणून मालकी जाणवत नसे. घराचे छत गळेपर्यंत घर कोणाच्या नावावर आहे हे कोण पाहतो?

आमचे छत गळाले ते एका पत्राने. हे साल सांगत नाही आणि पेपराचे नावही सांगत नाही, कारण उणेदुणे काढायला आज उभे नाही. आमच्या सभासदांपैकी चार-पाच घरांची शेते खाणीच्या पायथ्याशी. पावसात डंपाची माती वाहून येई आणि भाताच्या खाचरांत बसे. लाल चिखल सुकला की सिमेंटसारखा. दोन वर्षे पीक नाही. आम्ही सर्वांनी मिळून पत्र लिहिले, व्याकरण तपासून, कोणावर आरोप न करता, आणि ज्या पेपराचे आम्ही पहिल्या दिवसापासूनचे वर्गणीदार, त्याच्या संपादकांना नेऊन दिले. छापले नाही. पुन्हा दिले. छापले नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा उपसंपादकाने चहा पाजला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला सगळे ठाऊक आहे. मला कशाला विचारता?" तो बिचारा खोटे बोलला नाही.

पण इथे आमचीही बाजू तपासली पाहिजे. त्या पत्रावर सह्या गोळा करताना एका घराने सही नाकारली, कारण त्यांचे दोन ट्रक खाणीवर लागलेले. दुसऱ्या घरचा मुलगा खाणीच्या कचेरीत हिशेबनीस. वाचनालयाचे हे पंखे कोणाच्या देणगीतून आले, तेही आठवून पाहा. पेपर पात्रांवाचा होता, आणि आम्हीही थोडेफार त्याचेच होतो. तेव्हा पेपराने लिहिले नाही म्हणून बोट दाखवताना आवाज जरा खालचाच ठेवावा लागतो.

खाणीचा प्रश्न मग दुसऱ्याच वाटेने वर आला. २०१०-११ च्या सुमारास वर्षाला पाच कोटी टनांहून जास्त खनिज गोव्यातून बाहेर जात होते. शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण झालेले ८८ पट्टे रद्द झाले. ज्यांचे ट्रक होते त्यांच्या दारात ट्रक गंजले, आणि ज्यांची शेते गेली होती त्यांची शेते काही परत आली नाहीत. हे सर्व आपण पेपरांत वाचले. पण आपल्या पत्रातली गोष्ट तोवर पंधरा-वीस वर्षे जुनी झाली होती.

आता मालकीची उलथापालथ. धेंप्यांनी २००९ साली खाणीचा धंदा सेझा गोवाला १,७५० कोटी रुपयांना विकला आणि वर्तमानपत्रे स्वतःकडे ठेवली. चौगुल्यांचे उलट झाले. त्यांच्या हातून 'गोमंतक' गेला, तो पुण्याच्या 'सकाळ' समूहाकडे. 'सकाळ' हा नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली काढलेला, आणि त्यांच्या पश्चात १९८० च्या दशकात पवार कुटुंबाकडे आलेला. यातला विरोधाभास आमच्या एका ज्येष्ठ सभासदाने बैठकीत नेमका पकडला. ते म्हणाले, "सदुसष्ट साली गोवा महाराष्ट्रात गेला नाही. गेला तो 'गोमंतक'!" सगळे हसले. पण हसू ओसरल्यावर आम्ही विचार करू लागलो की सदुसष्टला निदान आमचे मत तरी विचारले होते.

म्हणजे असे की राज्य कोणात जावे यासाठी मतपेटी ठेवली गेली. ती मते ज्या पेपराने मागितली, तो पेपर कोणाकडे जावा, याची वाचकाला साधी सूचनाही नाही. एके वर्षी मार्चच्या चौकोनात एक नाव, पुढे कधीतरी त्याच जागी दुसरे. टाइप तोच, चौकोन तेवढाच. कायद्याने यात चूक काही नाही. ज्याची वस्तू त्याने विकली. नव्या मालकाने पाने वाढवली, रंग आणले, तालुक्यांच्या बातम्या वाढवल्या, हेही खरे. आणि पुण्याच्या मालकाला डिचोलीच्या पात्रांवाची भीड नाही, हा एक फायदाही आमच्यातले काही जण सांगतात. त्यांचे म्हणणे आम्ही खोडून काढत नाही. पण पुण्याच्या मालकाला डिचोली कुठे आहे याची तरी किती ओढ असणार, हे दुसऱ्यांचे म्हणणेही नोंदवले पाहिजे.

'राष्ट्रमत' तर बंदच पडला. विकला जाण्यापेक्षा हे वाईट की बरे, यावर आमचे एकमत झाले नाही. कोल्हापूरच्या 'पुढारी'ची आणि 'लोकमत'ची गोवा आवृत्ती आली. फोमेंतो या खाणसमूहाने अलीकडे 'गोवन वार्ता' चालवला आहे, म्हणजे खाण आणि मराठी पेपर ही जोडी अजून तुटलेली नाही. 'तरुण भारत'ची गोष्ट तेवढी वेगळी. बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली बेळगावात काढलेला पेपर आजही ठाकूर कुटुंबाकडेच आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाने तो आपला मानला, कारण त्याचे दुखणे आणि पेपराचे दुखणे शंभर वर्षे एकच राहिले. तिथेही वाचक मालक नाही. पण मालक वाचकांच्या गावातच राहतो, त्याच रस्त्याने जातो, आणि लग्नकार्यात भेटतो. हा फरक लहान नाही.

हे केवळ गोव्याचे रडगाणे नाही. आमच्या एका सभासदांची बहीण इंदूरला दिलेली. तिथल्या मराठी घरांचा पेपर म्हणजे हिंदी 'नई दुनिया', १९४७ चा. राहुल बारपुते तिथे वर्षानुवर्षे संपादक, घरी मराठी, लेखणी हिंदी, आणि बैठकीला कुमार गंधर्व. राजवाड्यापासून तुकोगंजपर्यंत मराठी घरांत तो पेपर घरचाच मानत. २०१२ साली तो 'जागरण'ने घेतला. त्या बाईंनी भावाला फोनवर सांगितले, "दादा, पेपर येतो रे, पण पत्र कोणाला लिहायचे ते आता कळत नाही." आम्हाला हे ऐकून आमचे ते तीनदा परत आलेले पत्र आठवले.

आता मूळ प्रश्नाकडे. ज्यांचे पेपर त्यांच्याकडे हे अंक असतील की नाही? ज्या पेपराचे मालक बदलले त्याचे दप्तर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाताना काय राहिले, काय गेले, हे आपण कोणाच्या भरवशावर सांगणार? जो पेपर बंद पडला त्याला तर कचेरीच उरली नाही. सरकारी ग्रंथालयात काही संच आहेत, ते जरूर पाहावेत. पण आमच्या गठ्ठ्यांत समासात पेन्सिलीने लिहिलेले आहे. कौलाच्या दिवसांत कोणीतरी अग्रलेखाशेजारी "खोटे!" असे लिहिले आहे आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात "तू खोटा". ही प्रत दुसऱ्या कोणाच्या दप्तरात असणार नाही.

कार्यकारिणीने तूर्त ठरवले आहे ते असे. गठ्ठे रद्दीत जाणार नाहीत. संगणक येईल, तो माळ्याऐवजी पुढच्या खोलीत बसेल, आणि त्याचे पहिले काम या अंकांची छायाचित्रे घेणे हे राहील. सुरुवात प्रत्येक वर्षाच्या मार्चच्या पहिल्या अंकापासून करायची, म्हणजे मालकांची यादी तरी सलग लागेल. त्या अंकांपैकी बरेच आमच्याकडे नाहीत. आपल्यापैकी कोणाच्या घरी, कपाटाच्या कप्प्यात अंथरलेले, तसबिरीच्या मागे लावलेले किंवा आजोबांच्या पेटीत ठेवलेले, १९६२ पासूनचे कोणतेही अंक असतील तर फाटके असले तरी आणून द्यावेत. दाराजवळच्या मेजावर वही ठेवली आहे. तीत आपले नाव, पेपराचे नाव आणि अंकाची तारीख लिहावी. छायाचित्र घेतल्यावर अंक ज्याचा त्याला परत मिळेल. आणि येताना कडुनिंबाचा सुका पाला आणता आला तर तोही आणावा, वाळवी अजून पुरती गेलेली नाही.